क्रूझच्या थांब्यावर कोणतं शहर निवडावं? फ्लॉरेन्स गाळा, रोम ठेवा

प्रश्न: नमस्कार. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या क्रूझला निघतोय. मी (५९), हे (६४) आणि आमचे व्याही-विहीणबाई. शुक्रवारी बार्सिलोनात चढायचं. मग मार्सेलिस (शनिवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ६), जिनोआ (रविवार, ८ ते ५), लिव्होर्नो (सोमवार, ७ ते ७), नेपल्स (मंगळवार, ८ ते ६.३०), चिविताव्हेक्किया (बुधवार, ७ ते ७), गुरुवार समुद्रात आणि शुक्रवारी परत बार्सिलोना. हे इतिहासाचे निवृत्त शिक्षक, त्यांना सगळंच बघायचंय. विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. सपाटीवर तास-दीड तास चालतात, पायऱ्या नको म्हणतात. त्या अंडंही खात नाहीत. ओळखीतले सांगतात, लिव्होर्नोहून पिसा-फ्लॉरेन्स एका दिवसात होतं, नेपल्सहून पाँपेई आणि काप्री दोन्ही होतं, आणि रोमला कोलोसियम-व्हॅटिकन चुकवायचंच नाही. जहाजाच्या सहली महाग वाटतात. काय ठेवावं, काय गाळावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, बंदरांबरोबर वार लिहून पाठवलेत हे फार चांगलं केलंत, कारण निम्मा निकाल वारांनीच लावला आहे. सोमवारी फ्लॉरेन्सची उफिझी आणि आकादेमिया ही दोन्ही मोठी कलादालनं बंद असतात. म्हणजे बॉत्तिचेल्लीची चित्रंही नाहीत आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडही नाही. मंगळवारी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय बंद, सान्सेव्हेरो चॅपलही बंद. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असले की सेंट पीटर्स चौकात त्यांची जाहीर भेट भरते, आणि ती उरकेपर्यंत बॅसिलिकात पर्यटकांना सहसा सोडत नाहीत.

म्हणून आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. फ्लॉरेन्स गाळा, त्याऐवजी लुक्का आणि पिसा करा. पाँपेईऐवजी हर्क्युलेनियम. काप्रीचा विचार सोडा. रोम ठेवा, पण आधी कोलोसियम आणि दुपारनंतर व्हॅटिकनची बाजू, या क्रमाने. मार्सेलिस आणि जिनोआला बंदराचं शहर सोडून कुठेही जाऊ नका. सरांना फ्लॉरेन्सचं वाईट वाटेल. त्याची कारणं पुढे आहेत.

आधी तासांचा हिशेब. जहाज सातला धक्क्याला लागतं, पण तुम्ही सातला रस्त्यावर येत नाही. दोरखंड बांधणं, बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी, मग खाली उतरायचा जिना लागणं, यात अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि जहाजाच्या सहलींची मंडळी बहुधा आधी उतरतात. संध्याकाळी सातला जहाज सुटणार असेल तर परत चढण्याची शेवटची वेळ साडेसहा असते, काही जहाजांवर सहाच. ती वेळ रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेली असते आणि तुमच्यासाठी तीच खरी. सुटण्याची वेळ विसरून जा. त्याच्याही आधीचा एक तास राखीव. असं करत बारा तासांचे साडेनऊ उरतात. नेपल्सला सव्वाआठ, मार्सेलिसला जेमतेम सात. जिनोआला जहाज शहरालाच लागतं, तिथे राखीव तासाची गरज नाही, तरी साडेसातच मिळतात. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे: स्पेन, फ्रान्स आणि इटलीत घड्याळ एकच चालतं, त्यामुळे जहाजाची वेळ आणि गावाची वेळ यांचा गोंधळ या मार्गावर होत नाही.

या उरलेल्या तासांपैकी जाण्यायेण्यात एक तृतीयांशाहून जास्त गेले तर ते शहर त्या थांब्याचं नाही, असा साधा नियम धरावा. धक्क्यावरून फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलपर्यंत एका बाजूला सव्वादोन तास लागतात: बंदराची बस, गावातून स्टेशन, गाडीची वाट, मग सुमारे दीड तासाचा रेल्वेप्रवास आणि शेवटी चालणं. जाऊन-येऊन साडेचार तास, म्हणजे साडेनऊपैकी जवळपास निम्मे. प्रामाणिकपणे सांगायचं तर याच नियमात रोमही नापास होतं. तरी एका आठवड्यात एक लांबची मजल पेलते, दोन पेलत नाहीत. सोमवारी फ्लॉरेन्स केलंत तर बुधवारी विहीणबाई जहाजावरच थांबतील. ही एक मजल रोमवर खर्च करावी असं आमचं मत आहे, कारण रोमचं बरंचसं वैभव उघड्यावर आहे आणि रस्त्यातून जाता जाता दिसतं. फ्लॉरेन्सचं मोठेपण भिंतींच्या आत आहे, आणि सोमवारी त्यातले मुख्य दरवाजेच बंद. उरतो कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट. त्याला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. फ्लॉरेन्ससाठी कधीतरी वेगळे दोन मुक्काम काढा.

सोमवार, लिव्होर्नो. इथे जहाज व्यापारी बंदरात लागतं, आत कंटेनर आणि क्रेन. तिथून पायी बाहेर पडता येत नाही. शटल बस गावाच्या मध्यभागी सोडते, बहुतेक कंपन्या तिचे वेगळे पैसे घेतात. मध्यभागापासून रेल्वे स्टेशन, म्हणजे लिव्होर्नो चेंत्राले, चालण्याच्या अंतरावर नाही. तिथे शहर बस जाते, पण चौघं आहात तर सरळ टॅक्सी करा. पिसापर्यंत रेल्वेने पंधरा-वीस मिनिटं, तिकीट माणशी तीन युरोच्या आसपास. पिसा चेंत्रालेला गाडी बदलून लुक्का, अर्ध्या तासात.

आधी लुक्का, मग पिसा असा क्रम ठेवा. लुक्का सकाळी शांत असतं. येताना लुक्काहून निघालेली गाडी पिसा सान रोस्सोरे या छोट्या स्टेशनावर थांबते, ते कलत्या मनोऱ्यापासून पाच-दहा मिनिटांवर आहे. पिसा चेंत्रालेहून मनोरा पंचवीस मिनिटांच्या चालीवर. बहुतेक लोक चेंत्रालेला उतरतात आणि गावातून तंगडतोड करतात. तुमच्याबरोबर गुडघेदुखीचं माणूस आहे, तर हा एक बदल पुष्कळ वाचवतो. मात्र गाडी सान रोस्सोरेला थांबते ना, हे चढण्याआधी फलकावर बघा. सगळ्या थांबत नाहीत.

लुक्का हे गाव तुमच्या गटासाठीच बांधल्यासारखं सपाट आहे. स्टेशनासमोरच तटबंदी. सोळाव्या-सतराव्या शतकात बांधलेला हा तट अखंड उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर सव्वाचार किलोमीटरचा, झाडांच्या सावलीतला रुंद रस्ता आहे. वर जायला उताराच्या वाटा आहेत. सगळी फेरी मारायची गरज नाही. एक चतुर्थांश चालून खाली उतरा, आंफितेआत्रो चौकात जा. हा चौक लंबगोल आहे, कारण त्याची घरं रोमन रंगमंडलाच्या पायावर उभी राहिली. रंगमंडल गेलं, त्याचा आकार राहिला. सरांना हे आवडेल. संगीतकार पुच्चिनीचा जन्म इथलाच, १८५८ सालचा.

पिसाच्या मनोऱ्यावर विहीणबाईंनी चढू नये. अडीचशेवर पायऱ्या, त्याही झिजलेल्या आणि कललेल्या. वर जाताना तोल एका बाजूला ओढला जातो. सर चढणार असतील तर वेळेचं तिकीट आधी काढा आणि लक्षात ठेवा, पिशवी घेऊन वर जाता येत नाही, ती जवळच्या लॉकरमध्ये ठेवावी लागते. त्यासाठी वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा. बाकीच्यांनी तोवर कॅथेड्रल आणि काम्पोसान्तो बघावं. काम्पोसान्तो म्हणजे संगमरवरी कमानींचं जुनं दफनस्थान. जुलै १९४४ मध्ये तोफगोळ्याने त्याच्या छताला आग लागली, वितळलेलं शिसं भित्तिचित्रांवर ओघळलं, आणि उरलेली चित्रं उतरवून दुरुस्त करायला दशकं गेली. मनोऱ्याबद्दल एक तपशील: ११७३ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि काही मजले चढल्यावरच खालची मऊ माती दबून तो कलू लागला. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद केला, वरच्या म्हणजे उत्तरेच्या बाजूखालची माती थोडी थोडी काढली, आणि चाळीसेक सेंटिमीटर सरळ झाल्यावर डिसेंबर २००१ मध्ये पुन्हा उघडला. पूर्ण सरळ करायचा नव्हताच, नाहीतर बघायला कोण येणार!

मंगळवार, नेपल्स. इथे जहाज शहराच्या उंबऱ्यात लागतं. धक्क्यासमोर कास्तेल नुओव्हो हा किल्ला, रस्त्यापलीकडे मेट्रोचं म्युनिचीपिओ स्टेशन. काप्रीचा मोह इथेच होतो, कारण जलद बोटी शेजारच्याच धक्क्यावरून सुटतात. पण जायला पाऊण-एक तास, वर जायला रांगा, आणि शरद ऋतूत समुद्र खवळला की परतीची बोट रद्द होते. बेटावर अडकून जहाज गमावायचं असेल तर याहून सोपा मार्ग नाही.

पाँपेई की हर्क्युलेनियम? इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने दोन्ही गावं गाडली, पण वेगवेगळ्या रीतीने. पाँपेईवर आधी तासनतास हलक्या सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला, त्या भाराने छपरं कोसळली. हर्क्युलेनियमवर तापलेल्या राखेचे आणि वायूचे लोट आले. लाकूड जळून राख होण्याऐवजी कोळसा होऊन टिकलं आणि वर वीसेक मीटर जाडीचा थर घट्ट बसला. त्यामुळे हर्क्युलेनियमला वरचे मजले, तुळया, सरकत्या लाकडी पडद्याची चौकट, खाटा असं काही दिसतं जे पाँपेईत बहुतेक नाहीसं झालं आहे. जुन्या किनाऱ्यावरच्या कमानीखाली सुमारे ३०० माणसांचे सांगाडे सापडले. १९८० च्या दशकातल्या उत्खननाआधी समजूत अशी होती की गाव वेळेत रिकामं झालं. पाँपेई भव्य आहे यात शंका नाही, पण उघडा झालेला भागच चाळीसहून जास्त हेक्टर, सावली नाही, दगडी रस्त्यांना उंच कडा आणि ओलांडायला मोठाले धोंडे. त्या गुडघ्याला तासाभरात नकोसं होईल. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून तिथे दिवसाला २० हजार माणसांची मर्यादा आणि नावानिशी तिकीट आहे. हर्क्युलेनियम दोन-अडीच तासांत नीट बघून होतं.

जायचं कसं: म्युनिचीपिओहून मेट्रो १ ने गारिबाल्दी, तिथे खालच्या मजल्यावर चिर्कुमव्हेसुव्हियाना ही उपनगरी गाडी, वीसेक मिनिटांत एर्कोलानो स्काव्ही. गाडी जुनी, गर्दीची, आणि खिसेकापूंसाठी कुप्रसिद्ध आहे. लोकलला सरावलेल्या डोंबिवलीकरांना गर्दीचं काही वाटणार नाही, पण पाकीट मागच्या खिशात नको. स्टेशनपासून अवशेषांपर्यंत सरळ उतार, दहा मिनिटं. म्हणजे येताना तेवढाच चढ, तोही दमल्यावर. म्हणून जाताना गाडीने, येताना टॅक्सीने असा मेळ घालता येईल. नेपल्सच्या टॅक्सींना ठरावीक मार्गांसाठी ठरावीक दर असतात, पण बसताना स्वतःहून ‘तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता’ म्हणून सांगावं लागतं. मीटर सुरू झाल्यावर सांगून उपयोग नाही.

दोनच्या सुमारास परत आलात की नेपल्ससाठी तीन तास राहतात. सान्ता क्यारा मठाचं रंगीत फरशांचं अंगण बघा. त्याचं चर्च ऑगस्ट १९४३ च्या बाँबहल्ल्यात जळालं होतं आणि नंतर जुन्या रूपात बांधून काढलं. परतीच्या वाटेवर १७३७ सालचं सान कार्लो नाट्यगृह आणि समोरचं काचेच्या छताचं गालेरिया उंबेर्तो. एक हळहळ मात्र सरांसाठी लिहायलाच हवी. पाँपेईत १९३८ साली एक छोटी भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखली जाते. तशाच धाटणीच्या मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाल्या आहेत, त्यामुळे ती आपल्याच बाजूने गेली असावी असं अभ्यासकांना वाटतं. ती मूर्ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाची आहे, आणि तुमचा मंगळवार आहे. दर बुधवारी नेपल्सला थांबणारी क्रूझ निवडता आली असती, पण तिकिटं झाली आहेत.

बुधवार, रोम. चिविताव्हेक्किया हे रोमचं बंदर म्हणवतं, पण रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. जहाजापासून बंदराची मोफत बस लार्गो देल्ला पाचे इथे सोडते. तिथून स्टेशन बसने किंवा पंधरा-वीस मिनिटं चालून. स्टेशनावर त्या सकाळी तुमच्या जहाजातले हजारभर लोक एकाच यंत्रापुढे उभे असतात, म्हणून तिकिटं आदल्या रात्रीच इटालियन रेल्वेच्या अ‍ॅपवर काढून ठेवा. साध्या ‘रेजोनाले’ गाडीचं तिकीट पाच युरोच्या आसपास असतं. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारल्याशिवाय चढू नका. अ‍ॅपवरच्या तिकिटाला चढण्याआधी ‘चेक-इन’ करावं लागतं. हे राहिलं तर तिकीट असूनही दंड होतो आणि तपासनीस पर्यटक म्हणून सोडत नाहीत.

आता खरा मुद्दा, उतरायचं कुठे. सगळे तेर्मिनी या मुख्य स्टेशनाला जातात. तुम्ही तेर्मिनीच्या आधी, रोमा ओस्तिएन्सेला उतरा. तिथून भुयारी वाटेने पिरामिदे मेट्रो स्टेशन, आणि ‘बी’ मार्गावर दुसराच थांबा कोलोसेओ. बाहेर पडलात की समोर कोलोसियम. सातला जहाज लागलं तर साडेआठच्या सुमारास गाडी मिळते, दहाच्या आसपास तुम्ही तिथे असता. म्हणून प्रवेशाची वेळ अकराची घ्या, साडेनऊची घेऊ नका. वेळ चुकली तर तिकीट वाया जातं. कोलोसियमची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर ३० दिवस आधी खुली होतात. साधं तिकीट १८ युरो, त्यात फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि पॅलाटाइन टेकडीही येते. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, दारात ओळखपत्राशी ताडून बघतात. काही जहाजं पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात, तसं असेल तर मंगळवारी संध्याकाळीच रिसेप्शनवर मागून घ्या. चालायला त्रास असलेल्यांसाठी आत लिफ्ट आहे, कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगावं लागतं.

फोरमच्या आत विहीणबाईंना नेऊ नका. रोमन काळचे काळे दगड उंचसखल आहेत आणि पाऊस झाला असेल तर निसरडे. बाहेरून जाणारा रुंद सपाट रस्ता, व्हिया देई फोरी इंपेरियाली, त्यावरून दोन्ही बाजूंचे अवशेष वरून दिसतात. (हा रस्ता १९३२ मध्ये मुसोलिनीने संचलनांसाठी प्राचीन बाजारचौकांवरूनच काढला. इतिहास दाखवणारा रस्ता इतिहासाच्याच उरावर बांधलेला आहे.) शेवटी ट्रेजनचा स्तंभ, इ.स. ११३ चा, फुकट आणि उघड्यावर. सरांना फोरममध्ये उतरायचंच असेल तर त्यांना तास द्या आणि बाकीच्यांनी कॉफी घ्यावी.

तिथून टॅक्सीने पँथियन हे प्राचीन रोमन देऊळ. २०२३ पासून तिथे ५ युरोचं तिकीट आहे. आत पायऱ्या नाहीत, आणि ४३ मीटर व्यासाचा तो घुमट लोखंडी सळई न घालता ओतलेल्या काँक्रीटचा आहे, हेड्रियन सम्राटाच्या काळातला. जेवण करून पियात्सा नव्होना, मग सान्तआंजेलोचा पूल ओलांडून सेंट पीटर्स चौक. आता दुपार झालेली आहे, सकाळची सभा उरकून गेलेली आहे. बॅसिलिकाच्या सुरक्षा तपासणीची रांग तासाभराची असेल तर आत जाण्याचा हट्ट सोडा, बेर्निनीच्या स्तंभांखाली बसा. व्हॅटिकन संग्रहालय आणि सिस्टाइन चॅपल या दिवशी होत नाही. त्याला एकट्यालाच तीन तास लागतात आणि त्यातला बराचसा वेळ गर्दीत उभं राहण्यात जातो. आत जायचंच झालं तर चौघांचेही खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

परतायला तेर्मिनीला जाऊ नका. चौकापासून पंधरा मिनिटांवर रोमा सान पिएत्रो स्टेशन आहे, आणि चिविताव्हेक्कियाच्या गाड्या तिथे थांबतात. सुमारे पन्नास मिनिटांत बंदराचं गाव. चारच्या सुमारासची गाडी धरा. ती रद्द झाली तर पुढची असते, आणि तीही जहाज चुकू देत नाही. पाचनंतरची गाडी धरणारे मात्र नशिबावर असतात.

इटलीत रेल्वेचे संप नेमाने होतात आणि आधी जाहीर केलेले असतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या धावतातच. पण तुमची परतीची वेळ नेमकी या दोन पट्ट्यांच्या मधे पडते. म्हणजे संपाच्या दिवशी रोमला पोहोचाल आणि अडकाल. आठवडाभर आधी बघून ठेवा, आणि संप असेल तर जहाजाची सहल घ्या.

इथे जहाजाच्या सहलींबद्दल. त्या महाग असतात ते खरं, पण त्यांच्याबरोबर एक हमी येते: जहाजाची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदराला पोहोचवणं ही कंपनीची जबाबदारी असते. स्वतः फिरणाऱ्यांसाठी कुणी थांबत नाही. ही हमी जिनोआला किंवा मार्सेलिसला विकत घेण्याची गरज नाही, रोमला घेतलीत तर आम्ही हसणार नाही. घ्यायचीच तर मार्गदर्शकासहची भरगच्च सहल नको. बहुतेक कंपन्यांकडे ‘फक्त ने-आण’ असा स्वस्त पर्याय असतो; बस रोममध्ये सोडते, ठरल्या वेळी उचलते. त्यात वरचा कार्यक्रम थोडा कापून बसतो. आणि अगदी जहाज चुकलंच तर घाबरू नका: गुरुवार समुद्रात आहे, तुम्हाला रोमहून विमानाने बार्सिलोना गाठून शुक्रवारी सामान घ्यायचं. खर्च होईल, सहल बुडणार नाही. त्यासाठी बंदरातल्या एजंटचा फोन नंबर (कार्यक्रमपत्रिकेत असतो), औषधं आणि पासपोर्ट किंवा त्याची प्रत रोज बरोबर ठेवा.

जिनोआ, रविवार. या थांब्याला लोक पोर्तोफिनो किंवा चिंक्वे तेर्रेला पळतात आणि जिनोआ बघायचं राहून जातं. जहाजाचा धक्का प्रिंचिपे स्टेशनाच्या दहा मिनिटांवर, तिथून व्हिया बाल्बी आणि मग व्हिया गारिबाल्दी. या शेवटच्या गल्लीत सावकारी करून गबर झालेल्या घराण्यांचे वाडे ओळीने आहेत. राजे-रजवाडे पाहुणे आले की सरकारी यादीतून या वाड्यांपैकी एकात त्यांची सोय लावायची, अशी पद्धत होती. हे ‘रोल्ली’ वाडे २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तुर्सी वाड्यात प्रसिद्ध वादक पागानिनीचं व्हायोलिन ठेवलेलं आहे. सान लोरेन्झो कॅथेड्रलमध्ये उजव्या बाजूला एक तोफगोळा उभा दिसेल: ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश नौदलाने डागलेला, छत फोडून आत पडला, फुटला नाही. चढ टाळून शहर वरून बघायचं असेल तर पोर्तेल्लो चौकातून सार्वजनिक लिफ्ट कास्तेलेत्तोच्या सज्जावर नेते. रविवारी दुकानं बरीच बंद असतात, बंदरालगतच्या अरुंद गल्ल्या ओस वाटतात. तिथे आत शिरू नका. छत्री घ्या, इथला शरद ऋतूतला पाऊस आपल्या पावसाच्या तोडीचा पडतो.

मार्सेलिसला फार वेळ नाही. धक्का जुन्या बंदरापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे, शटलने या. आविन्यों लांब पडतं. जुनं बंदर, त्यामागची ल पानिए वस्ती, फोर्ट सेंट-जाँ, आणि ६० क्रमांकाच्या बसने टेकडीवरचं नोत्र-दाम द ला गार्द, बस. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी मारली ती याच शहराच्या बंदरात. फ्रान्सच्या भूमीवर पोहोचलेल्या माणसाला ब्रिटिशांच्या हवाली करणं योग्य होतं का, हा खटला हेगच्या लवादापुढे गेला आणि १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. टेकडीवरून सगळं बंदर नजरेखाली येतं. सर तिथे जरा रेंगाळतील, त्या हिशेबाने बसची वेळ बघा.

विहीणबाईंचं जेवण. इटलीत ताजा पास्ता बहुधा अंड्याचा असतो, सुका पास्ता रव्याचा. म्हणून तालियातेल्ले, राव्हियोली टाळा, स्पागेत्ती-पेन्ने चालतं, तरी ‘सेन्झा ऊओव्हो’ म्हणजे अंड्याशिवाय, हे विचारून घ्या. जिनोआला ‘फारिनाता’ आणि पिसा-लुक्काला ‘चेचिना’ मिळते. ती हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ एवढ्याचीच, भट्टीत भाजलेल्या जाड धिरड्यासारखी लागते. अंडं नाही, दूध नाही. नेपल्सला मार्गेरिता पिझ्झा निर्धास्त. मारिनारावर चीज नसतं, पण लसूण असतो. पार्मेझानसारखी कठीण चीजं वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेली असतात. त्याचं वावडं असेल तर पेस्तो ही हिरवी चटणीही गेली, कारण त्यात तेच चीज पडतं. आइस्क्रीममध्ये ‘क्रेमा’ प्रकारात अंडं असतं, फळांचं ‘सोर्बेत्तो’ घ्या. जहाजावरच्या नाश्त्यातून फळं-सँडविच बांधून किनाऱ्यावर नेऊ देत नाहीत, घरचे सीलबंद खाकरे चालतात.

बार्सिलोनाला गुरुवारीच पोहोचा. शुक्रवारी सकाळचं विमान धरून त्याच दुपारी जहाजात चढण्याचा बेत एका उशिरात कोसळतो. गुरुवारी दुपारी साग्रादा फामिलिया ठेवा, वेळेचं तिकीट घरूनच काढून. आत सपाट आहे, मनोऱ्याचं तिकीट विहीणबाईंसाठी काढू नका, वर जायला लिफ्ट असली तरी उतरायला पायऱ्या आहेत. परतीच्या शुक्रवारी दुपारी एकच्या आतलं विमान घेऊ नका, आणि जहाजावरून मोठ्या बॅगा आदल्या रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात तेव्हा सकाळचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत काढून घ्या.